कोरडवाहू बागेतील पिवळ्या फुलांच्या देशी वनस्पती

कोरडवाहू बागेतील पिवळ्या फुलांच्या देशी वनस्पती : नियमित पाणी न देता, मुख्यतः पावसाच्या पाण्यावर जोपासलेल्या बागेस कोरडवाहू बाग म्हणतात. अशा बागेसाठी त्या प्रदेशात मूळच्याच असलेल्या बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणाऱ्या) वनस्पती सर्वांत सोयीच्या असतात. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतील अशा वनस्पतींत पिवळ्या फुलांच्या जाती पुष्कळ आहेत. त्यांची योग्य निवड केल्यास वर्षाच्या बहुतेक महिन्यांत बागेत काही ना काही फुललेले राहते. प्रस्तुत नोंदीत वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतील, परिस्थिती समोर ठेवून या वनस्पतींची निवड, लागवड व निगा यांची माहिती दिली आहे.

कोरडवाहू बाग म्हणजे केवळ कमी पाणी लागणाऱ्या झाडांचा संग्रह, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीत ती पुरी पडत नाही. येथे उन्हाळ्यातील तहानेइतकाच, किंबहुना तीहून अधिक धोका पावसाळ्यात मुळांशी साचणाऱ्या पाण्याचा असतो. उन्हाळा सहज सोसणारे झुडूप ऑगस्टमध्ये अकस्मात पिवळे पडून मरते, ते यामुळेच. म्हणून येथील कोरडवाहू बागेची आखणी पाणी देण्याच्या सोयीपासून सुरू न करता पाणी काढून देण्याच्या सोयीपासून सुरू करावी लागते.

संकल्पना : पाण्याची बचत करणाऱ्या बागेची कल्पना गेल्या काही दशकांत अनेक देशांत रुजली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे १९८१ मध्ये तेथील पाणीपुरवठा खात्याच्या प्रयत्नांतून ‘झेरिस्केप’ ही संज्ञा प्रचारात आली. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील आपल्या रोपवाटिकेच्या आवारात बेथ चॅटो या उद्यानतज्ञ बाईंनी १९९१-९२ च्या सुमारास वाहने उभी करण्याच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली व ती वरून पाणी न देता वाढविली. या प्रयोगांतील तत्त्व सर्वत्र लागू पडते : जागेला साजेल अशी वनस्पती निवडावी, वनस्पतीसाठी जागा बदलण्याचा खटाटोप करू नये.

तेथील वेळापत्रक मात्र येथे उपयोगी पडत नाही. समशीतोष्ण प्रदेशांत झाडांची विश्रांती कडक थंडीत असते व बहर उन्हाळ्यात येतो. वऱ्हाडात पाऊस हा वाढीचा काळ, शरद व हेमंत हे बहुतेक झुडपांच्या बहराचे ऋतू आणि मार्च ते जूनचा पूर्वार्ध हा अनेक ओषधींच्या (नरम खोडाच्या लहान वनस्पतींच्या) विश्रांतीचा काळ होय. या विश्रांतीत पाने गळणे व जमिनीवरील भाग वाळणे हे स्वाभाविक असते. परदेशी पुस्तकांतील सूचना जशाच्या तशा पाळल्यास नेमक्या या निद्रिस्त काळात झाडांना पाणी दिले जाते व त्याचा अपाय होतो.

हवामान, पाणी व जमीन : मेळघाटाचा डोंगराळ भाग वगळता अमरावती व अकोला जिल्ह्यांत वर्षाला सरासरी सु. ७५० ते ९०० मिमी. पाऊस पडतो. त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत व त्यातही थोड्या दिवसांत येतो. मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४४° से.च्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. म्हणजे एकाच झाडाला वर्षातून एकदा चिखलात व एकदा भट्टीत उभे राहावे लागते.

येथील काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून (बेसाल्टापासून) बनली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळताना आकसतात. म्हणून पावसाळ्यात भारी जमीन फुगून तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात व मुळांना ऑक्सिजन कमी पडतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते; भेगांमुळे बारीक मुळे तुटतात आणि खोलवरची ओलही उडून जाते. उलट मुरमाड, उथळ (बरड) जमिनीत ओल टिकत नाही. पण पाण्याचा निचरा चांगला होतो. शेतीच्या दृष्टीने हलकी मानलेली ही जमीन कोरडवाहू फुलझाडांना पुष्कळदा भारी जमिनीहून अधिक मानवते. [⟶ कोरडवाहू शेती].

नांदगाव पेठ हे गाव अमरावतीच्या ईशान्येस, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. या परिसरात औद्योगिक वसाहत व कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. या केंद्राला ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी देण्याच्या प्रश्नावरून २०१० नंतरच्या काही वर्षांत वाद झाला व सिंचनाचे पाणी कमी होईल म्हणून शेतकऱ्यांनी हरकत घेतली होती. याच धरणातून अमरावती शहराला पिण्याचे पाणी मिळते. शेती, उद्योग आणि घरगुती वापर या तिघांची मागणी एकाच साठ्यावर असताना शोभेच्या बागेसाठी पाण्याचा वाटा मागणे उचित होत नाही. अशा ठिकाणच्या शाळा, कचेऱ्या, कारखाने व नव्या वसाहती यांच्या आवारांना कोरडवाहू बाग विशेष योग्य ठरते. बांधकाम झालेल्या जागेवर वरची काळी माती निघून जाऊन मुरूम उघडा पडलेला असतो. असा मुरूम टाकाऊ न समजता त्याचाच बागेसाठी उपयोग करता येतो.

याहून बिकट स्थिती पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट आहे. असे पाणी बागेला देत राहिल्यास क्षार साचतात, सोडियमामुळे मातीची कणरचना मोडते, जमीन चोपण बनते आणि पुढे पावसाचे गोडे पाणीही तिच्यात मुरत नाही. तेथे विहिरीला भरपूर पाणी असले, तरी ते झाडांना न देणेच हिताचे असते. कोरडवाहू बाग ही या पट्ट्यात हौस नसून गरज आहे.

फुलांचा पिवळा रंग व परागण : पाकळ्यांचा पिवळा रंग बहुधा कॅरोटिनॉइडे या रंगद्रव्यांमुळे व काही जातींत फ्लॅव्होनॉइड गटातील द्रव्यांमुळे येतो. मधमाश्यांना तांबडा रंग ओळखता येत नाही. पिवळा मात्र त्यांना स्पष्ट दिसतो. पिवळी फुले कीटकांकडून कोणत्या प्रकारे उपयोगात आणली जातात, यात विविधता आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. त्याचे परागकोश टोकाच्या छिद्रांतून उघडतात व भुंग्यांसारख्या मोठ्या माश्या फुलाला धरून स्नायूंच्या कंपनाने पराग झाडून घेतात. कोरांटीचे फूल नळीसारखे असून त्याच्या तळाशी मध असतो. करटोलीची फुले सायंकाळी उमलतात व त्यांचे परागण पतंग करतात. त्यामुळे या वनस्पती एकत्र लावल्यास सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळे कीटक बागेत येतात.

देशी व परदेशी जाती : बागेत आढळणाऱ्या पिवळ्या फुलांच्या अनेक काटक वनस्पती देशी समजल्या जातात, पण त्या बाहेरून आलेल्या आहेत. पिवळी कण्हेर (बिट्टी), टेकोमा व शेताच्या कडेने वाढणारा काटेरी पिवळा धोतरा या मूळच्या अमेरिका खंडातील होत. कोरफडीचे मूलस्थान अरबस्तानात आहे. यांपैकी काही दुष्काळ चांगला सोसतात. तथापि काटकपणा व देशीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशी वनस्पतींवर येथील फुलपाखरे व इतर कीटक यांचे जीवनचक्र अवलंबून असते. उदा., तरवडाच्या व त्याच्या जवळच्या जातींच्या पानांवर कॅटोप्सिलिया प्रजातीतील फिकट हिरवट-पांढऱ्या फुलपाखरांची सुरवंटे वाढतात.

दुसरी गफलत आयुर्मानाविषयी होते. पावसाळ्यात वऱ्हाडातील पडीक जमीन पिवळी करून टाकणारा व ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात तो तरोटा (टाकळा) वर्षायू (एक वर्ष जगणारा) आहे. सह्याद्रीच्या पठारांवर प्रसिद्ध असलेल्या सोनकीच्या जातीही बहुधा वर्षायूच असतात व त्यांना थंड, दमट हवा लागते. या वनस्पती आपल्या जागी सुंदर दिसत असल्या, तरी वऱ्हाडातील बागेचा कायमचा सांगाडा त्यांच्यावर उभारता येत नाही.

प्रमुख जाती : (१) तरवड (सं. आवर्तकी, लॅ. सेना ऑरिक्युलॅटा, पूर्वीचे नाव कॅसिया ऑरिक्युलॅटा). भारत, श्रीलंका व म्यानमार येथील कोरड्या प्रदेशांत वाढणारे हे सदापर्णी झुडूप सामान्यतः १ ते १·५ मी. उंच असते. पाने संयुक्त व पिसासारखी. देठाच्या तळाशी मोठी, कानाच्या पाळीसारखी उपपर्णे असतात व त्यांवरूनच जातिवाचक लॅटिन नाव पडले आहे. फुले मोठी, चकचकीत पिवळी असून पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भरपूर व एरवीही थोडीफार येतात. शेंगा चपट्या व कागदासारख्या पातळ असतात. सालीत टॅनीन पुष्कळ असल्याने ती कातडी कमावण्यास वापरीत. महाराष्ट्राच्या काही भागांत नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ बांधतात. तेलंगणात बतुकम्मा सणात या फुलांना मोठा मान असून २०१४ मध्ये त्या राज्याने तरवडाला राज्यपुष्प म्हणून मान्यता दिली. कोरडवाहू बागेचा कणा म्हणून या झुडपाला पहिले स्थान द्यावे.

(२) पिवळी कोरांटी (काटेकोरांटी, वज्रदंती; सं. कुरंटक; लॅ. बार्लेरिया प्रायोनायटिस). सु. ०·६ ते १·५ मी. उंचीचे हे काटेरी झुडूप असून पानांच्या बगलेत तीक्ष्ण काटे असतात. फुले पिवळी ते नारिंगी-पिवळी असून पावसाळा सरल्यावर येऊ लागतात व हिवाळाभर टिकतात. फळे (बोंडे) तडकून बिया दूर फेकल्या जातात. बियांवरील केस ओले झाल्यावर बी जमिनीला चिकटते. पाला दातांच्या तक्रारींवर चघळण्याची रूढी आहे. मोठ्या झाडांखालच्या विरळ सावलीतही ही वाढते. कडेच्या कुंपणासाठी ती उत्तम. मात्र मुले खेळतात त्या वाटेलगत लावू नये. मूळच्या प्रदेशाबाहेर ही जात त्रासदायक ठरते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात ती उपद्रवी तण मानली जाते.

(३) पेटारी (मुद्रा, सं. अतिबला, लॅ. ॲब्युटिलॉन इंडिकम). कपाशीच्या कुलातील (माल्व्हेसी) १ ते २ मी. उंचीची ही झुडपासारखी वनस्पती आहे. पाने हृदयाकृती, मऊ लवदार व करडी-हिरवी असल्याने फुले नसतानाही शोभा देतात. नारिंगी-पिवळी फुले दुपारनंतर उमलतात. फळ दातेरी चक्रासारखे असून शिक्क्यासारखे दिसते. झाड सहसा थोडीच वर्षे जोमाने राहते. परंतु पडलेल्या बियांपासून नवी रोपे येत असल्याने बागेतून नाहीसे होत नाही.

(४) रानभेंडी (लॅ. थेस्पेशिया लँपस). ही याच कुलातील असून पानझडी जंगलांत वाढते. मोठ्या पिवळ्या फुलाच्या तळाशी गडद किरमिजी डाग असतो. बहर पावसाळ्याच्या अखेरीस येतो. हिला तरवडापेक्षा थोडी अधिक सावली व पाचोळ्याची माती मानवते.

(५) पाथरी (लॅ. लोनिया प्रोकंबेन्स). जमिनीलगत पानांचा झुबका, खोल सोटमूळ व दुधी चीक असलेली ही ओषधी वऱ्हाडात शेताच्या धुऱ्यावर सर्रास आढळते. पाने भाजीसाठी खातात. शेवंतीच्या कुलातील असल्याने तिचे पिवळे ‘फूल’ म्हणजे अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. फरसबंदीच्या सांधीत व खडीत ती आपोआप वाढते. बहुतेक बागांतून ती तण म्हणून उपटली जाते. कोरडवाहू बागेत तिला जागा द्यावी.

(६) उंदीरकानी (लॅ. मेरेमिया एमार्जिनॅटा). ही जमिनीवर पसरणारी, पेऱ्यांपासून मुळे फुटणारी ओषधी काळ्या जमिनीतच अधिक आढळते. पाने उंदराच्या कानासारखी वाटोळी व टोकाशी खाचदार. फुले लहान, पिवळी व घंटेसारखी असून पावसाळ्यानंतर येतात. भारी जमिनीत बहुतेक सर्व भूआच्छादक वनस्पती कुजतात अशा ठिकाणी हिचा उपयोग होतो.

(७) काळी मुसळी (लॅ. कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस). पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारी लहान ताडासारखी पाने व त्यांच्या बुंध्याशी, अगदी मातीलगत, सहा पाकळ्यांची तारकाकृती पिवळी फुले ही हिची खूण होय. पावसाळ्यानंतर पाने वाळतात व जमिनीतील उभे मूलक्षोड (जमिनीखालचे मांसल खोड) पुढील पावसापर्यंत निद्रिस्त राहते. औषधासाठी उपटून नेल्यामुळे अनेक ठिकाणी ही विरळ झाली आहे.

(८) करटोली (काटवल, लॅ. मॉमोर्डिका डायोइका). कंदमुळाची ही वेल कुंपणावर चढवितात. फळे भाजीसाठी प्रसिद्ध आहेत. नर व मादी वेल स्वतंत्र असतात. त्यामुळे फळे हवी असल्यास अनेक मादी वेलींसोबत एक तरी नर वेल ठेवावा लागतो. पावसाळा संपल्यावर वेल वाळतो व कंद जमिनीत राहतो.

(९) चिल्हार (लॅ. सीसॅल्पिनिया डेकापेटाला). वाकड्या काट्यांचे हे चढणारे मोठे झुडूप असून हिवाळ्यात व त्यानंतर पिवळ्या फुलांच्या उभ्या मंजऱ्या येतात. मोठ्या आवाराच्या सीमेवर जनावरांपासून संरक्षणासाठी ते योग्य. लहान बागेत ते आवरत नाही.

वृक्षांपैकी दोहोंचा उल्लेख आवश्यक आहे. गणेर अथवा सोनसावर (लॅ. कॉक्लोस्पर्मम रिलिजिओसम) हा खडकाळ टेकड्यांवरील लहान पानझडी वृक्ष फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पर्णहीन असताना मोठ्या सोनेरी फुलांनी भरतो. बहावा (लॅ. कॅसिया फिस्चुला) एप्रिल ते जूनमध्ये फुलतो. झुडपे व ओषधी विश्रांती घेत असताना बागेत पिवळा रंग राखण्याचे काम हे वृक्ष करतात आणि त्यांच्या विरळ सावलीत काळी मुसळी व कोरांटी सुरक्षित राहतात.

बहराचा क्रम : जून-जुलैत काळी मुसळी, जुलै ते सप्टेंबरमध्ये करटोली व तरवडाच्या भराची सुरुवात, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तरवड, रानभेंडी व पेटारी, ऑक्टोबर ते जानेवारीत कोरांटी व उंदीरकानी, हिवाळ्यात पाथरी व चिल्हार, फेब्रुवारीपासून गणेर आणि त्यामागून बहावा, असा क्रम साधारणपणे बसतो. पावसाच्या मानाने तो काही आठवड्यांनी मागेपुढे होतो.

जागेची तयारी : भारी काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात मुरूम, वाळू व खत भरण्याची सर्वत्र प्रचलित असलेली रीत कोरडवाहू झुडपांना घातक ठरते. आजूबाजूची चिकणमाती पाणी मुरू देत नाही व सैल भरावाचा खड्डा हौदासारखा भरून राहतो. झाडाला पाणी कमी लागते म्हणून दिलेली वाळूच त्याला बुडविते. यावर उपाय म्हणजे खाली न खणता वर चढणे. मूळ जमीन कुदळीने मोकळी करून तिच्यावर मुरूम व स्थानिक माती यांच्या मिश्रणाचे ३० ते ४५ सेंमी. उंचीचे उतरते वरंबे अथवा ओटे करावेत. दोन वरंब्यांमधील चरांचा उतार आवाराच्या सखल कोपऱ्याकडे ठेवावा. तेथे शोषखड्डा केल्यास वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरते व मुळांशीही साचत नाही. वरंब्याचा माथा तरवड व कोरांटीला, उतार पेटारी व पाथरीला, पायथा उंदीरकानीला आणि झाडाखालचा भाग काळी मुसळीला, अशी वाटणी करावी.

मुरमाड जमिनीत वरंब्यांची गरज नसते. तेथे सु. ४५ सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन निघालेल्या मुरमातच थोडी काळी माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. अधिक खताने तरवडाला पाला पुष्कळ येतो व फुले कमी येतात. हरळी, लव्हाळा व कुंदा ही बहुवर्षायू तणे लागवडीपूर्वीच मुळांसकट काढावीत; झाडांमध्ये शिरल्यावर ती काढता येत नाहीत.

लागवड : तरवडाच्या बियांचे कवच कठीण असते. बिया वाळूबरोबर हलक्या हाताने चोळून किंवा गरम पाण्यात टाकून ते पाणी निवेपर्यंत ठेवून पेरल्यास उगवण सुधारते. त्याला लवकर खोल सोटमूळ फुटते व त्यामुळे मोठे रोप उपटून लावल्यास ते सहसा जगत नाही. कायमच्या जागी बी टोचणे हेच उत्तम. रोपे करावयाची झाल्यास उंच पिशवीत करून लहान असतानाच लावावीत. कोरांटी बियांपासून किंवा पावसाळ्यात छाट कलमांनी सहज येते. उंदीरकानीचे मुळे फुटलेले तुकडे लावतात. काळी मुसळीची मूलक्षोडे व करटोलीचे कंद पावसापूर्वी, मेअखेरीस अथवा जूनच्या आरंभी, जमिनीत ठेवावेत. रोपे जुलैमध्ये लावल्यास सप्टेंबरपर्यंत मुळे खोल जातात. तरवडांमध्ये सु. १·५ मी. व कोरांटीच्या रोपांमध्ये सु. ६० सेंमी. अंतर ठेवावे. आरंभी बाग उघडी दिसते. ती दाट दिसावी म्हणून अंतर कमी केल्यास तिसऱ्या वर्षी झाडे ओलीसाठी एकमेकांशी झगडू लागतात.

निगा : कोरडवाहू बागेलाही पहिली दोन वर्षे थोडे पाणी द्यावे लागते. पहिल्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात झुडपांना दोन ते तीन आठवड्यांनी एकदा, पण खोलवर मुरेल इतके पाणी द्यावे. रोज थोडे पाणी दिल्याने मुळे पृष्ठभागाजवळ राहतात व पुढे कायमची परावलंबी होतात. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या पाळ्यांतील अंतर दुप्पट करावे व तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी बंद करावे. कंद व मूलक्षोडाच्या वनस्पतींना विश्रांतीच्या काळात पहिल्या वर्षीही पाणी देऊ नये. तापलेल्या ओल्या मातीत ती कुजतात.

एप्रिल-मे मध्ये कोरांटी निष्पर्ण व वाळल्यासारखी दिसते आणि अनेकदा मेली म्हणून उपटली जाते. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवी ओल असल्यास झाड निद्रिस्त आहे असे समजावे व पावसाची वाट पाहावी. तरवडाची छाटणी बहर ओसरल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस हलक्या हाताने करतात. जुन्या लाकडापर्यंत खोल छाटू नये.

जमिनीवर आच्छादन केल्याने बाष्पीभवन कमी होते व भेगा कमी पडतात. मुरमाची किंवा खडीची ५ सेंमी. जाडीची पातळी सर्वांत टिकाऊ असते. सोयाबीन किंवा तुरीचे कुटारही वापरता येते. मात्र ते खोडापासून दूर ठेवावे व वाळवीकडे लक्ष द्यावे. वऱ्हाडात मुबलक मिळणाऱ्या पऱ्हाटीचा आच्छादनासाठी उपयोग करू नये. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी (शेंदरी) बोंडअळी पुढील हंगामापर्यंत टिकून राहते. २०१७ मध्ये विदर्भातील कपाशीचे या अळीने मोठे नुकसान केले होते.

पावसाळ्यात पाणी द्यावयाचे नसले, तरी बागेकडे सर्वांत जास्त लक्ष याच काळात द्यावे. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही एखाद्या चरात पाणी उभे दिसल्यास उतार दुरुस्त करावा. एखाद्या झुडपाची खालची पाने पिवळी पडू लागल्यास खत किंवा पाणी न देता प्रथम बुंध्याभोवतीची माती मोकळी करावी.

रोग, किडी व दक्षता : निचरा चांगला असल्यास या वनस्पतींना गंभीर रोग क्वचितच होतात. तरवडाची पाने सुरवंट खातात. परंतु झाड लवकर पुन्हा पालवते व फवारणीची आवश्यकता नसते. पेटारी व रानभेंडी यांच्याबाबत मात्र वऱ्हाडात विशेष सावधगिरी हवी. कपाशीच्या कुलातील असल्याने त्यांवर ठिपक्यांची बोंडअळी, पिठ्या ढेकूण, तांबडे ढेकूण अशा कपाशीवरील किडींना आश्रय मिळतो. म्हणून कपाशीच्या शेतालगत या दोन जाती लावू नयेत. गावातील बागेतही किडकी फळे वेळीच तोडून नष्ट करावीत. देशी वनस्पती सर्वत्र निर्दोषच असते असे नाही, याचे हे उदाहरण होय. पिवळसर-तांबड्या फुलांची देशी कळलावी (लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा) दिसावयास मोहक असली, तरी तिचा कंद व इतर भाग अत्यंत विषारी असतात, पिवळ्या कण्हेरीच्या बियाही तशाच घातक होत. मुलांचा वावर असलेल्या आवारात या दोन्ही लावू नयेत.

रोपांसाठी रानातील झाडे उपटून आणण्याची प्रवृत्ती टाळली पाहिजे. रानातून आणलेले जुने तरवड जगत नाही व काळी मुसळी आधीच दुर्मिळ होत आहे. धुऱ्यावरच्या किंवा रस्त्याकडेच्या झाडांचे थोडे बी गोळा केल्यास लागवडीला पुरेसे होते. वनक्षेत्रातून वनस्पती किंवा तिचे भाग नेण्यास वनखात्याची परवानगी लागते.

महत्त्व : एके काळी या बहुतेक वनस्पती गावाच्या शिवारात, पांदणीच्या कडेने व धुऱ्यांवर न लावता वाढत होत्या. रस्ते रुंद झाले, धुरे नांगरले गेले व तणनाशकांचा वापर वाढला, तशा त्या मागे हटल्या आहेत. त्यांच्या जागी हिरवळ व परदेशी शोभेची झाडे यांची बाग करावयाची, तर जेथे पाणी कमी आहे तेथे ते विकत घ्यावे लागते आणि जेथे भूजल खारे आहे तेथे ते देऊन जमीनही गमवावी लागते. तिसऱ्या वर्षानंतर पाण्यावाचून फुलणारा तरवडाचा एक ताटवा हा खर्च वाचवितो आणि शिवारातून नाहीशा होत असलेल्या वनस्पतीला व तिच्यावर जगणाऱ्या कीटकांना आसरा देतो. अशा बागेची किंमत दोन गोष्टींत मोजावी लागते : पहिली काही वर्षे धीर धरणे आणि उन्हाळ्यात बाग करपलेली दिसली, तरी हात आवरणे.